छपरावरच्या बर्फाची उंची नको, वजन बघा

न्यू इंग्लंड, बफेलो, मिशिगन, मिनेसोटा, टोरांटो या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. कॅलिफोर्नियावाल्यांनीही ‘आमचा काय संबंध’ म्हणून पान उलटू नये. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लॉस एंजलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांत इतका बर्फ झाला की क्रेस्टलाईन गावातल्या किराणा दुकानाचं छप्पर खाली आलं आणि गावकऱ्यांची खाण्यापिण्याची पंचाईत झाली. त्या डोंगरांत सुट्टीला केबिन भाड्याने घेणारे आपले लोक कमी नाहीत.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. मोठं वादळ होऊन गेलं की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “छपरावर दोन फूट झालाय हो, काही होणार नाही ना?” या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण दोन फूट म्हणजे किती वजन ते त्यात कुठेच नाही. कडाक्याच्या थंडीत पडलेला, पायाखाली भुरभुरणारा कोरडा बर्फ फूटभर जाडीचा असेल तर एका चौरस फुटावर त्याचं वजन जेमतेम 3 पौंड भरतं. पारा शून्याच्या आसपास असताना पडलेला, मुलांना गोळे करायला आवडतो तसला ओला बर्फ तेवढ्याच जाडीला 20 पौंडांच्या वर जातो. आणि गोठून काचेसारखा झालेला थर एक फुटाचा असेल तर 57 पौंड. सहा-सात पटींचा फरक तर नुसत्या कोरड्या आणि ओल्या बर्फातच आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे.

छपराची ताकद किती? गावागणिक, बांधकामाच्या वर्षागणिक हा आकडा बदलतो. पण लाकूड कुजलेलं नसेल, कुणी आत कापाकापी केलेली नसेल, तर अमेरिकेतल्या बहुतेक घरांचं छप्पर चौरस फुटाला 20 पौंड बर्फ आरामात पेलतं. जास्त बर्फाच्या गावांत ते त्याहून बरंच जास्त धरून बांधलेलं असतं. 1500 चौरस फुटांच्या छपरावर 20 पौंडांच्या हिशेबाने 30,000 पौंड होतात, म्हणजे सात-आठ मोटारी घरावर उभ्या केल्यासारखं. एवढं वजन तुमचं घर निमूटपणे पेलू शकतं. त्यामुळे पहिल्या बर्फालाच घाबरून जाण्याचं कारण नाही.

वजन कळावं कसं? आपल्या प्रत्येक घरात सामान तोलायचा हातात धरायचा काटा असतो. भारतात जाताना बॅगा 50 पौंडांच्या आत बसवण्यासाठी घेतलेला. तो काढा. अंगणात, जिथे बर्फ उडून गेलेला नाही आणि कुणी तुडवलेलाही नाही अशा जागी, घराच्या भिंतीपासून दूर, पट्टीने एक फूट बाय एक फूट असा चौकोन आखा. फावड्याने चारी बाजू सरळ खालपर्यंत कापा आणि तेवढाच बर्फ, तळाच्या कडक थरासकट, कचऱ्याच्या जाड पिशवीत भरा. पिशवी काट्याला लटकवा. जो आकडा येईल तोच तुमचा चौरस फुटाचा भार, गुणाकार-भागाकार काही नाही. छपरावरचा बर्फ वाऱ्याने थोडा उडालेला असतो, म्हणून हा आकडा सहसा जरा जास्तच येतो, आणि ते बरंच आहे. 10-12 पौंड आले तर चहा घ्या. 20 च्या पुढे गेला आणि आणखी बर्फ किंवा पाऊस सांगितलेला असेल, तर छपराच्या कडा हलक्या करायच्या मागे लागा. 30-35 च्या घरात गेला आणि घर जुनं असेल, तर जाणकाराला बोलवा.

वर ‘पाऊस’ हा शब्द मी मुद्दाम घातला. छप्पर बहुधा वादळाच्या दिवशी पडत नाही. बॉस्टनचा 2015 चा हिवाळा तिथे असलेल्यांना आठवत असेल. एका फेब्रुवारीत 64.8 इंच, अख्ख्या मोसमात 110.6 इंच, शहराच्या नोंदींतला उच्चांक. एकामागून एक वादळं आली, मधल्या दिवसांत पारा वर चढलाच नाही, म्हणून आधीचा बर्फ वितळायची सोय नव्हती. थरावर थर दबत गेले. दबला की उंची कमी दिसते आणि माणसाला वाटतं, चला, उतरला. वजन तिथेच असतं. त्या महिन्यात मॅसॅच्युसेट्समध्ये शंभराहून जास्त छपरं कोसळली किंवा खचली. बफेलोच्या दक्षिणेकडच्या गावांत नोव्हेंबर 2014 मध्ये पाच-पाच, सात-सात फूट बर्फ झाला आणि पाठोपाठ हवा उबदार होऊन पाऊस आला. बर्फ पाऊस पिऊन घेतो. एक इंच पाऊस बर्फात मुरला की प्रत्येक चौरस फुटावर पाच पौंडांची भर पडते, आणि खालून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसत नाही. म्हणून वादळ ओसरल्यावर हवामानाचा अंदाज बघायचं सोडू नका. त्यापुढचे चार दिवस जास्त महत्त्वाचे.

बर्फ सगळीकडे सारखा बसत नाही, हेही ध्यानात ठेवा. वाऱ्याच्या आडोशाला तो साचतो. उंच भिंतीला लागून असलेलं खालचं छप्पर, म्हणजे दुमजली घराला चिकटलेलं गॅरेज, नंतर वाढवलेली सनरूम, मागच्या दारावरचं पोर्च, ही पडणारी ठिकाणं. वरच्या छपरावरून घसरलेला बर्फही त्यांच्याच बोकांडी बसतो. दोन उतार मिळतात ती पन्हळ, धुराड्याची मागची बाजू, सोलर पॅनलच्या वरच्या कडेची खोबण, इथे बाकीच्या छपराच्या दुप्पट-तिप्पट थर सहज होतो. पॅनलच्या गुळगुळीत काचेवरून तर सगळा बर्फ एकदम, न सांगता सुटतो. त्याच्या खाली कुणी उभं राहू नये, गाडीही लावू नये. पूर्वीच्या मालकाने स्वतःच्या हाताने ठोकलेला कारपोर्ट आणि अंगणातला मांडव यांच्याबद्दल मी काही हमी देणार नाही.

एक गंमत सांगतो, जी सुशिक्षित लोकांनाही पटत नाही. वीजबिल कमी व्हावं म्हणून आपण ॲटिकमध्ये जाड इन्सुलेशन भरतो. चांगलंच करतो. पण पूर्वी घरातली ऊब वर झिरपून छपरावरचा बर्फ थोडा थोडा वितळवत होती, ते बंद झालं. आता पडेल तेवढा टिकतो. 1950 च्या सुमाराच्या घरात असं काम केलं असेल, तर ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा दाखला चालत नाही. तेव्हाचं घर आणि आताचं घर एक नाही.

तसंच स्वयंपाकघर मोठं करताना मधली भिंत काढणं. आपल्याकडे ही हौस फार. छपरावरचा बर्फ शेवटी भिंतींवरून आणि खांबांवरून खाली पायापर्यंत जातो. मधली भिंत त्यातला वाटा उचलत होती की नाही, हे टाइल निवडण्याआधी विचारायचं असतं. परवाना काढून, तुळई टाकून केलेलं काम असेल तर निश्चिंत राहा. एखाद्या ओळखीच्याने शनिवार-रविवारी भिंत उडवून दिली असेल, तर पुढच्या हिवाळ्याआधी इंजिनिअरला दाखवा. ॲटिकमध्ये खोकी ठेवायला जागा व्हावी म्हणून ट्रसचं एखादं तिरकं लाकूड कापणं हा त्याहून मोठा गुन्हा. ट्रसमध्ये ‘बिनकामाचं’ लाकूड नसतं.

आता ज्यासाठी हा प्रपंच केला, त्याकडे येतो. घराचं छप्पर पडून माणूस दगावण्यापेक्षा छपरावर चढून पडणारा माणूस मला जास्त दिसतो. बर्फाच्या वादळानंतर पन्नाशीचा गृहस्थ, पायात स्नीकर्स, हातात फावडं, बायको खालून शिडी धरते आहे. हे करू नका. शिडीचे पाय गोठलेल्या जमिनीवर सरकतात, छपरावरच्या बर्फाखाली काचेसारखा थर असतो, आणि आधीच ताणलेल्या छपरावर तुमचं वजन आणखी एका जागी पडतं. स्कायलाइट बर्फाखाली दिसत नाही. मुलाला तर अजिबात चढवू नका. “तो हलका आहे” हे मी ऐकलेलं आहे.

जमिनीवर उभं राहून करायचं काम रूफ रेकने होतं. लांब दांड्याला आडवी पाटी लावलेली असते, दोन-तीन तुकडे जोडून दांडा वीस फुटांच्या आसपास जातो. दांडा बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो, म्हणून पहिल्यांदा वर बघा: रस्त्यावरून घराकडे येणारी विजेची तार कुठे आहे? तिच्या बाजूला रेक उचलायचाच नाही. मग छपराच्या खालच्या कडेपासून सुरुवात करा आणि थोडा थोडा बर्फ ओढत वर सरका. मधूनच मोठा लगदा ओढलात तर वरचा सगळा थर तुमच्या अंगावर येईल. सरळ समोर उभं न राहता थोडं बाजूला राहा. शिंगल्सवर दोन-तीन इंच बर्फ राहू द्या. ते खरवडून लख्ख करायच्या नादात शिंगल्स निघून येतात. आणि एकच बाजू पूर्ण रिकामी करून दुसरी तशीच भरलेली ठेवू नका. दोन्ही उतारांवर आळीपाळीने काम करा. एका अंगाला भार राहिला की छप्पर वेगळ्याच तऱ्हेने वाकतं, आणि त्याला ते सोसवेलच असं नाही.

पन्हाळीवर साठलेला बर्फाचा बांध आणि लोंबणारे सुळे बघून लोक हातोडा घेऊन धावतात. त्या बांधाने सहसा घर पडत नाही. पाणी अडून आत मुरतं आणि भिंती भिजतात. हातोड्याने पन्हाळ आणि शिंगल्स फुटतील, म्हणून जुन्या लांब पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा टाकावा, पाण्याला वाट होते. साधं मीठ वापरू नका, आणि हेही शिडीवर चढून करायचं असेल तर राहू द्या, माणूस बोलवा. माणूस बोलवताना भाव करण्याआधी त्याच्याकडे कामगारांच्या विम्याचा कागद मागा. तो तुमच्या छपरावरून पडला आणि विमा नसला, तर पुढची काही वर्षं वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

घर बोलतं, ते ऐकायला शिका. थंडीच्या रात्री लाकूड आकसताना एखादा ‘टक्’ आवाज होतो, त्यात विशेष काही नाही. पण एकामागून एक कडकड, कुरकुर, भरदिवसा, तीही एकाच बाजूने येत असेल तर ती वेगळी. वरच्या मजल्यावरचे आतले दरवाजे रोज उघडून-मिटून बघा. इथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, म्हणजे उन्हाळ्यात घट्ट बसणारं दार फेब्रुवारीत मोकळं व्हायला हवं. तेच दार फेब्रुवारीत चौकटीला घासायला लागलं, तर चौकटीवर वरून काहीतरी दाबतं आहे असं समजा. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली नवी भेग, छताला आलेला पोक, अचानक सुरू झालेली गळती, वाकलेला पाइप, याही त्याच जातीच्या खुणा. एखादीच दिसली तर इंजिनिअरला किंवा गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करा. दोन-तीन एकत्र दिसल्या तर मुलांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्याकडे बसा आणि तिथून 911 लावा. पासपोर्ट आत राहिला म्हणून परत जायचं नाही. पासपोर्ट कॉन्सुलेट नवा देतं.

घरांपेक्षा मला चिंता आहे ती मोठ्या, सपाट छपरांची. आपली संक्रांत, आपलं हळदीकुंकू, नाटकाचे प्रयोग, पोरांची बॅडमिंटन, सगळं ऐन बर्फात येतं आणि भरतं ते शाळेच्या जिममध्ये, भाड्याच्या हॉलमध्ये, गोदामातून रूपांतर केलेल्या मंदिरात. इंडियन ग्रोसरीचं दुकानही बहुधा अशाच छपराखाली. या इमारतींना मधे खांब कमी असतात, छप्पर हलकं असतं, आणि उतार नसल्यामुळे बर्फ आपणहून घसरत नाही. पाणी जायच्या जाळ्या गोठल्या की वर तळं साठतं. घराचं लाकूड बराच वेळ कुरकुरून मग हार मानतं. लांब गाळ्याचं छप्पर कधी कधी काही मिनिटंच देतं.

इतिहास या बाबतीत एकसुरी आहे. वॉशिंग्टनचं निकरबॉकर थिएटर, 28 जानेवारी 1922, सपाट छप्पर, सिनेमा चालू, 98 मृत्यू. पोलंडमधल्या कातोवित्सेचा प्रदर्शन हॉल, 28 जानेवारी 2006, आत कबुतरांचं प्रदर्शन, छपरावर न काढलेला बर्फ, 65 मृत्यू. दक्षिण कोरियात ग्योंगजूजवळ फेब्रुवारी 2014 मध्ये कॉलेजच्या नव्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम चालू असताना हॉल पडला, 10 जण गेले. कनेक्टिकटमधलं हार्टफर्डचं सिव्हिक सेंटर तर जेमतेम तीन वर्षांचं होतं. 18 जानेवारी 1978 च्या पहाटे त्याचं अवाढव्य छप्पर खाली बसलं, आणि काही तासांपूर्वी, रात्री, तिथे सुमारे 5,000 लोक बास्केटबॉल बघून गेले होते. कुणाला खरचटलंही नाही, हे निव्वळ नशीब. ते छप्पर बांधतानाच हिशेबापेक्षा दुप्पट वाकलं होतं. लोकांनी ते पाहिलं होतं, विचारलंही होतं. जाणकारांनी ‘काही नाही’ म्हणून वाटेला लावलं. माझ्या धंद्यातली माणसं ‘काही नाही’ म्हणाली तरी, का नाही ते विचारा.

पण मंडळाच्या कार्यकारिणीने लक्षात ठेवावी ती बव्हेरियातल्या बाड राइखेनहाल गावची गोष्ट. 2 जानेवारी 2006, नाताळच्या सुट्ट्या, स्केटिंगच्या हॉलमध्ये लहान मुलं. बर्फ पडतच होता. हॉल चालवणाऱ्यांना छपराची काळजी वाटली. त्यांनी संध्याकाळचा हॉकीचा सराव रद्द केला. मात्र चालू असलेलं स्केटिंग वेळेप्रमाणे चार वाजेपर्यंत होऊ द्यायचं ठरलं. चारला काही मिनिटं कमी असताना छप्पर कोसळलं. 15 जण गेले, त्यांत 12 मुलं. नंतर तपासात निघालं की बर्फाचा भार छपराला परवानगी असलेल्या भारापेक्षा कमीच होता; लाकडी तुळया जोडलेला गोंद वर्षानुवर्षांच्या ओलीने खलास झालेला होता. थांबवायचा निर्णय झाला होता, फक्त पुढच्या कार्यक्रमापासून.

आपल्याकडे हे किती सहज घडेल, विचार करा. हॉलचे पैसे भरलेले, न्यू जर्सीहून गायक आलेला, चारशे पानांचं जेवण मांडलेलं, आणि मागच्या रांगेतला कुणी म्हणतो की छताची टाइल खाली आली आहे. “आता शेवटचं गाणं होऊ द्या की.” नाही. स्प्रिंकलरचं तोंड छताच्या टाइलखाली नेहमीपेक्षा जास्त लोंबताना दिसलं, टाइल्स लाटेसारख्या वरखाली झाल्या, वरून कडाड आवाज आला, बाहेर जायचा दरवाजा चौकटीत अडकायला लागला, तर माइक हातात घ्या आणि लोकांना शांतपणे बाहेर काढा. कोट घ्यायला कोटरूमकडे गर्दी होईल, ती होऊ देऊ नका. लोकांना गाड्यांत बसवा. नंतर काहीच झालं नाही आणि लोक हसले, तर हसू द्या.

त्याआधीची तयारीही कार्यकारिणीचीच. हॉल ठरवताना भाडं, पार्किंग, स्वयंपाकाची सोय विचारतोच. त्याबरोबर विचारा की छपरावरचा बर्फ कोण काढतं आणि किती झाल्यावर काढतं. उत्तर “बघू” असं आलं तर दुसरा हॉल बघा. मोठ्या वादळानंतरच्या आठवड्यात कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी फोन करून छप्पर मोकळं झालं का ते विचारा. कार्यक्रमाच्या दिवशी सगळे आपत्कालीन दरवाजे स्वतः ढकलून बघा, बाहेरून बर्फाने दाबलेले नाहीत ना. हे काम स्वयंसेवकाला सांगून मोकळं होऊ नका. मंदिराची इमारत स्वतःची असेल तर विश्वस्तांनी मोसमापूर्वी एकदा इंजिनिअरकडून छपराची क्षमता लेखी घ्यावी आणि वर नव्याने बसवलेल्या एसीच्या, सोलरच्या वजनाचा हिशेब त्यात धरला आहे का ते विचारावं.

छपराशी थेट संबंध नसलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती याच दिवसांत जीव घेते. फर्नेसचा आणि गीझरचा धूर भिंतीतून बाहेर काढणारे पांढरे पाइप बऱ्याच घरांत जमिनीपासून दोन-तीन फुटांवरच असतात. छपरावरून ओढलेला बर्फ बरोबर त्यांच्या तोंडावर जाऊन पडतो. ते बुजले की कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो, ना रंग ना वास. रेक खाली ठेवल्यावर घराला एक फेरी मारा आणि पाइप, ड्रायरचं तोंड, गॅसचा मीटर मोकळे करा. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत गाडी चालू ठेवून बर्फ काढत बसू नका.

रूफ रेक ऑक्टोबरमध्ये घ्या. पहिलं वादळ आल्यावर दुकानांतले संपतात. त्याच महिन्यात एकदा टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये जा आणि लाकडावर काळे डाग, बुरशी, तडे, ओल दिसते का बघा, चार फोटो काढून ठेवा. फेब्रुवारीत शंका आली तर तुलनेला तेच उपयोगी पडतात. गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला ईमेल करून तुमच्या पत्त्यावर बर्फाचा भार किती धरतात ते विचारा. आणि घराच्या विम्याच्या कागदात बर्फाच्या वजनाने झालेलं नुकसान धरलं आहे का, वेगळं उभं असलेलं गॅरेज आणि पोर्च त्यात येतात का, हे एजंटला फोनवर न विचारता लेखी विचारा.